मुळं शिवणवालीला, पाईप धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, चौथीपर्यंत शिकलेली, काचेच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं काम केलेली, एका प्लंबरची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, टाकून बघावा. गुरुवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, पण ते सांगताना फाईलकडे बघत होते. म्हणून माझ्यामागे काय कोणाचं, आणि मुख्य म्हणजे गच्चीवरची बाग कोणाची, ते आत्ताच ठरवते. वकिलांनी कायद्याचे शब्द सांगितले, बाकीचे माझे. ते दोनदा म्हणाले, बाई, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, मरणार कोण आहे?

कलम १. दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण सहा वर्षं राहते. तिने ती हयात असेपर्यंत वापरावी, तिला कोणी बाहेर काढू नये. मी तिच्यावर चिडलेली आहे, पण ती उघड्यावर पडलेली मला चालणार नाही. पुढची खोली माझ्या मैत्रिणीला, शिवणवालीला. ती खालच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि मशीन, कपाट, पलंग यांच्या मधून तिरकी होऊन चालते. धाकटीनंतर मागची खोलीही तिचीच.

कलम २. बँकेत जे निघेल त्यातून जिन्याला कठडा बसवावा. सगळे म्हणतात बसवू, बसवू. मी दोनदा बादलीसकट पडले आहे.

कलम ३. नवऱ्याची हत्यारं त्याच्या कामातल्या जोडीदाराला. पाने, करवत, शिडी. गोल भोक पाडायचं पातं तो चार वर्षांपूर्वी ‘उद्या आणतो’ म्हणून घेऊन गेला, ते दिलंच समजावं.

कलम ४. आता बाग. ही मातीची नाही. नवरा गेला तेव्हा त्याचे उरलेले पांढरे पाईप गच्चीवर पडून होते. त्यांना भोकं पाडली, खाली टाकी ठेवली, मासे पाळायच्या काचेच्या पेटीत लावतात तसला छोटा पंप बसवला. दोन प्रकारची खतं पाण्यात विरघळवायची, ते पाणी पाईपातून फिरत राहतं, मुळं त्यातच लोंबतात. पालक, पुदिना, सॅलडची पानं. पहिल्या वर्षी सगळं सडलं. टाकीत ऊन जात होतं, पाणी हिरवं झालं, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. टाकी काळ्या कापडाने झाकली तेव्हा कुठे मुळं पांढरी राहायला लागली. हे मला कोणी शिकवलं नाही. एकवीस वर्षं बाटल्या उजेडाला धरून बघितल्या, घाण कुठे बसते ते मला कळतं.

धाकटीची नोकरी गेली आणि ती माझ्याकडे आली. चार महिने खोलीबाहेर पाऊल नाही. ताट दाराशी ठेवायचं, दाराशीच उचलायचं. एक दिवस मी तिला दंडाला धरून वर नेलं आणि पुदिन्याचं रोप उचलून मुळं दाखवली. ती बघतच राहिली. मग रोज यायला लागली. मी सगळं शिकवलं: स्पंजात बी किती खोल घालायचं, पाण्याचा आंबटपणा पट्टीने कसा बघायचा, कडक उन्हात टाकीत भर घालताना खत नको, नुसतं पाणी. तिने फोनवर व्हिडिओ काढायला घेतले. मी म्हटलं, मला त्यात घेऊ नकोस, माझा अवतार बघ. तेवढं माझं चुकलं.

मग शिवणवालीने मला फोन दाखवला. धाकटी पाईपांसमोर उभी राहून ‘माझी पद्धत’ सांगते आहे. मागून मी बादली घेऊन जाते. लाइव्ह बघणाऱ्यांतल्या कोणीतरी विचारलं, मागे कोण? आणि धाकटी हसून म्हणते, “त्या होय, त्या मदतीला येतात.”

शिवणवाली म्हणाली, अगं, स्वतःच्याच गच्चीवर तू कामाला कधी लागलीस? ती चेष्टा करत होती. माझं तोंड बघून तिने फोन पालथा ठेवला.

त्याच व्हिडिओत धाकटीने दोन्ही खतं घट्ट असतानाच एका ग्लासात ओतली, कारण रंग छान दिसतो. तशी एकत्र केली की ती दुधासारखी फाटतात, खाली साका बसतो आणि झाडं उपाशी राहतात. आधी एक भरपूर पाण्यात, ढवळायचं, मग दुसरं. पन्नास वेळा सांगितलं होतं. व्हिडिओखाली लोकांनी तिचे आभार मानले होते.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “ताई, चौथी शिकलेली बाई केमिकल मिसळते म्हटल्यावर लोक ती भाजी खातील का?” हे बोलताना ती माझाच पालक निवडत होती.

कलम ५. मी दवाखान्यात असताना पंप बंद पडला तर अर्ध्या दिवसात मुळं वाळतात, आणि शिवणवाली विजेच्या वायरीला हात लावत नाही. म्हणून शनिवारी मी सगळी रोपं पाईपातून काढून काचेच्या बरण्यांत लावली. बरणीला पंप लागत नाही. सबब बरण्या, रोपं, बिया, खतं, पट्ट्या आणि गच्चीची किल्ली शिवणवालीला देत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क राहणार नाही. बाई, ऐक. बरणीभोवतीचा काळा कागद काढू नकोस. पाणी खाली गेलं म्हणून काठोकाठ भरू नकोस. वरची मुळं हवा घेतात, ती बुडली की मेली. तू मायेने भरशील, मला माहीत आहे. माया आवर.

कलम ६. रिकामे पाईप, टाकी, पंप आणि काळं कापड धाकटीला. व्हिडिओत दिसतं ते सगळं तिला मिळालं. बरण्या खाली नेताना ती जिन्यात भेटली. माझं ऑपरेशन तोंडावर, आणि ती म्हणते, ताई, उद्या माझं लाइव्ह आहे, मी आता काय दाखवू? मी म्हटलं, तुझी पद्धत दाखव.

कलम ७. मी मेल्यावर धाकटीने कॅमेऱ्यासमोर रडून सांगितलं की हे सगळं माझ्या ताईचं, तर या कागदात एका अक्षराचाही फरक पडणार नाही. मेलेल्या बाईचं कौतुक करायला काही लागत नाही. मी जिवंत असताना सांगितलं, तर मी हा कागद माझ्या हाताने फाडीन आणि बाग तिला देईन. हे कलम मी शनिवारीच कच्चं लिहून तिला वाचून दाखवलं. रविवारी तिने लाइव्हमध्ये रिकामे पाईप कसे धुवायचे ते दाखवलं. छान धुतले. माझ्याबद्दल शब्द नाही.

आज सकाळी दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. जवळचा नातेवाईक म्हणून मी शिवणवालीला लिहिलं. काउंटरवरची बाई म्हणाली, रक्ताचं कोणी असेल तर बोलवा. धाकटीला बोलवावं लागलं. ती लगेच आली, तेवढं मान्य करते. नात्याच्या रकान्यात तिने ‘सख्खी बहीण’ लिहिलं. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही.

काउंटरवरच्या बाईने तिला ओळखलं. म्हणाली, तुम्ही त्या बागेच्या व्हिडिओवाल्या ना? आणि या कोण तुमच्या?

आजूबाजूला सात-आठ माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वर केल्या. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मग फॉर्म पुढे सरकवला.

“त्यात लिहिलंय,” ती म्हणाली.

कलम सात होतं तसंच राहील. गुरुवारी सकाळी सातपर्यंत मी घरीच आहे.

सही: (माझी, वळणदार नाही, पण माझी)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. शिवणवालीला मिळणार आहे म्हणून तिची सही चालत नाही. ती बाहेर जिन्यात बसली आहे.
१. कारखान्यातली माझी जुनी मुकादम
२. कोपऱ्यावरचा घड्याळजी

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४, सोमवार, दुपार