बारक्याला आत बोलावलं

ती. आत्यास,

उभ्याउभ्याच नमस्कार. (बसवतच नाही, तीनदा खुर्ची ओढली, तीनदा परत सरकवली.) तुझा गुडघा कसा आहे? जिना कमी चढ. तुझा बारक्या सुखरूप आहे; दोन्ही हात, दोन्ही पाय आणि नेहमीची भूक शाबूत आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी मात्र शांत नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या संघात शर्यतीच्या गाड्या दोन. एक बारक्याची, दुसरी सरदारांची (हे नाव आम्ही ठेवलेलं, ते स्वतःला त्याहूनही वरचे समजतात). सरदारांचा पगार बारक्याच्या आठपट. शर्यत चालू असताना बारक्याच्या कानात बोलणं हे माझं काम. म्हणजे लहानपणी त्याच्या सायकलमागे धावत 'पुढे खड्डा आहे रे' म्हणून ओरडायचे तेच, फक्त आता हेडफोन लावून.

रविवारी बारक्या तिसरा होता, सरदार त्याच्या मागे चौथे. दोघांचेही टायर पार झिजलेले. टायर बदलणारी मंडळी एकच, त्यामुळे एका वेळी एकच गाडी ट्रॅकवरून आत घेता येते, आणि जो आधी येईल त्याचं भलं. एरवी पुढे असेल तो आधी. पण मॅनेजर माझ्या मागे येऊन म्हणाले, "त्याला सांग, अजून दोन फेऱ्या बाहेर राहा. सरदार आधी येतील."

मी सांगितलं. मग बारक्या म्हणाला, "ताई, खरं सांग. हे माझ्या भल्यासाठी की त्यांच्या?"

आत्या, (आता खिडकीपर्यंत जाऊन आले) सरदारांच्या नावावर जाहिराती मिळतात आणि आम्हा चाळीसजणांच्या चुली पेटतात, हे मला मान्य. पण पगार मिळतो तो आजवर जे केलं त्याचा. त्या फेरीत पुढे कोण होतं? एवढं सगळं माझ्या डोक्यात येईपर्यंत बारक्याची गाडी वळणावर घसरली, कशीबशी सावरली, आणि माझ्या तोंडून निघालं, "ये आत!"

तो आला. समोर मंडळी सरदारांचे टायर धरून उभी! मग जो गोंधळ उडाला! कुणी बारक्याचे टायर शोधतंय, कुणी सरदारांच्या टायरला अडखळून पडतंय, आणि तेवढ्यात सरदारही आत, बारक्याच्या मागे चक्क रांगेत. (तिथे ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) बारक्या पाचवा आला, सरदार अकरावे.

सोमवारी मॅनेजरांनी बोलावलं. मी राजीनामा लिहूनच नेला होता. सरदार तिथेच बसलेले. म्हटलं, संपलं. तर ते म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी मलाही असंच बाहेर ठेवलं होतं. मला कुणी आत बोलावलं नाही." राजीनामा पर्समध्येच राहिला.

बारक्याला वाटतं, ताई आपल्यासाठी सगळ्यांशी भांडली. मला त्याच्या नजरेला नजर देववत नाही.

तुझी,
एका जागी न टिकणारी भाची

ता. क. : नजर का देववत नाही, ते लिहायचं राहिलं. सरदारांनी मला मागून घेतलंय. "खोटं न बोलणारं माणूस हवंय," म्हणाले. पुढच्या शर्यतीपासून मी त्यांच्या कानात बोलायचं. हे बारक्याला तू सांगशील का? आईवर फार वेळ रागावता यायचं नाही त्याला.

आणखी एक ता. क. : 'विचार करून सांगते' असं मी म्हटलं नाही. 'हो' म्हटलं. आज सकाळी पहिली बैठक झाली, आणि सगळ्यांच्या आधी हात वर करून मीच विचारलं, "आमचे टायर आधी ना?"