मिल रोडचा बेडूककप आणि आमची ग्लॅडिस

मिल रोड, रविवार दुपार

प्रिय आणि आदरणीय बेरिल आत्या,

तुझा गुडघा कसा आहे? परसातल्या संडासापर्यंत चालवत नाही म्हणून हल्ली तू घरातलाच वापरतेस, हे ऐकून जीव हळहळला. (त्याबद्दल पुढे.) आम्ही मजेत. मजेत म्हणजे काय, कप माझा झाला! सात वर्षं नेव्हिलच्या पडवीत मिरवणारा बेडूककप आता आमच्या फ्रिजवर आहे.

नियम तुला पाठच आहेत. सगळ्यांत जड बादली कप नेते, पण बादलीत फक्त उसाचे बेडूक चालतात. (मूळचे दक्षिण अमेरिकेतले, उसातली कीड खायला इथे आणलेले, आणि कीड सोडून बाकी सगळं खाणारे, तेच ते.) मूळचा इथला एक जरी निघाला, तरी अख्खी बादली बाद. गेल्या वर्षी माझी अशीच गेली. तेव्हापासून नेव्हिलनं दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा ‘काय मर्व्हिन, देशी की परदेशी?’ विचारून माझा जीव नकोसा केला होता. म्हणून यंदा ताडून पाहायला मी अस्सल देशी नमुनाच जवळ ठेवला: आमच्या संडासात राहणारी हिरवी ग्लॅडिस, माझ्या जेवणाच्या डब्यात.

काल सकाळी शाळेच्या मैदानात वजन झालं. नेव्हिलची बादली सगळ्यांत जड. तो भाषणासाठी घसा खाकरत होता, तेवढ्यात परीक्षक डल्सीबाईंनी बादलीत हात घातला आणि एक हिरवीगार बेडकी वर काढली.

“नेव्हिल, ही इथली आहे.”

“अहो, इथला तर मीपण आहे. पाच पिढ्या झाल्या आम्हाला.”

डल्सीबाईंची माणसं इथे गोऱ्यांची जहाजं यायच्या कितीतरी आधीपासूनची. त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं झालं बाबा. इथलं कोण नि बाहेरचं कोण, ते आता तूच शिकव मला.”

मैदान असं हसलं की नेव्हिल मटकन आपल्याच बादलीवर बसला. कप मला मिळाला. मी भाषण केलं, थोडा रडलोही. आत्या, किती वर्षांनी मी माझ्याच गावात ताठ मानेनं चाललो. फार बरं वाटलं.

तुझा विजयी भाचा,
मर्व्हिन

ता. क. माझ्या डब्याचं झाकण नीट बसत नाही. हे भाषणाच्या मध्यावर लक्षात आलं. पण सुरू केलेलं भाषण तोडणं बरं दिसत नाही.

ता. क. २. डल्सीबाईंनी त्या बेडकीला शाळेमागच्या आंब्याखाली सोडलं. शाळा आमच्यापासून दोन घरांवर. आज सकाळी ग्लॅडिस संडासात हजर. डाव्या पायाचं एक बोट आखूड, म्हणून आमच्या हिनं, नोरीननं, लगेच ओळखलं. पुढच्या रविवारी नेव्हिल जेवायला येतोय (बोलावणं नोरीनचं, त्याचं सांत्वन करायला), आणि त्यानं काल ते बोट पाव तास न्याहाळलंय. तुझा परसातला संडास रिकामाच आहे ना? महिनाभर ठेव तिला. खाणं अगदी कमी आहे.

ता. क. ३. डल्सीबाई भेटल्या तर काही बोलू नकोस. भाषण संपल्यावर कप हातात देताना त्यांनी माझ्या रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “सकाळी नऊलाच जेवलास, मर्व्हिन?”