खाली कोणी नाही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रताप नगरात खोली मिळाली. मालकीणबाई रुख्माबाई. पोरगी क्रेन चालवणार म्हटल्यावर त्यांनी चहा ठेवला आणि मला दाखवायला शेजारणीलाही बोलावून आणलं. मला हसू आवरेना. उमरेडला आमच्या घरी आजोबांपर्यंत मागावर लुगडी विणली गेली, बाबा कापडाच्या दुकानात, आणि मी आयटीआय करून हिंगण्याच्या कारखान्यात क्रेन ऑपरेटर! लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे उचलायचे आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचे. केबिन पार छताजवळ, शिडीने चढायची. आज नुसती खालून पाहिली. मान दुखेपर्यंत पाहिली.

बुधवार, ८ जानेवारी

पूर्वी नवीन माणसाला जुन्या ऑपरेटरजवळ दोन महिने केबिनमध्ये बसवायचे. ते बंद झालं. ट्रेनिंगचे सुमंत सर म्हणाले, आता सगळं हेडसेटवर. तो डोळ्यांवर चढवला की ट्रेनिंगच्या खोलीतल्या खुर्चीतून आपण थेट केबिनमध्ये. तीच शेड, तेच खांब, गठ्ठे ठेवायच्या जागेभोवती जमिनीवर तोच पिवळा पट्टा. इथे चूक झाली तरी कोणी मरत नाही, हे सर पुन्हा पुन्हा सांगतात. मला तर गंमतच वाटली.

जेवताना भूपेशशी ओळख झाली. तो कामठीहून येतो. खाली गठ्ठ्यांना साखळ्या बांधतो आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करतो. खुर्चीत बसून क्रेन शिकणारी पहिल्यांदाच पाहतोय म्हणाला, आणि डब्यातलं वांग्याचं भरीत अर्धं माझ्या पोळीवर घातलं.

सोमवार, १३ जानेवारी

हेडसेटमध्ये आज खाली एक माणूस दिसला. पिवळ्या पट्ट्याच्या आत, गठ्ठा टेकवायचा अगदी त्याच जागी, पाठमोरा. मी क्रेन थांबवली, भोंगा वाजवला. हलला नाही. वेळ संपली आणि मी नापास. सरांनी स्वतः हेडसेट घालून पाहिला. खाली कोणी नाही म्हणाले. या प्रोग्रॅममध्ये माणसं टाकलेलीच नाहीत.

गुरुवार, १६ जानेवारी

रोज तिथेच उभा असतो. रोज मी थांबते, रोज नापास होते. सर म्हणाले, चित्रातला दोष असेल, दुर्लक्ष कर, थांबलीस की मार्क कापले जातात. आज डोळे मिटून गठ्ठा खाली सोडला. तो त्या माणसातून गेला आणि जमिनीला टेकला. पडद्यावर शंभरपैकी शंभर. सरांनी टाळ्या वाजवल्या. मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

शेवटी भूपेशला विचारलं. त्याने सांगितलं, दिवाळीच्या आधी साखळ्या बांधणारा एक जण त्याच जागी गठ्ठ्याखाली सापडून गेला. हेडसेटसाठी कॅमेरेवाले शेडचं चित्रण करायला आले ते त्याच आठवड्यात. धुतलेली जमीन तेव्हा वाळलीही नव्हती. उठताना म्हणाला, "तो दिसला का थांबत जाय वं. मार्क गेले तं जाऊ दे."

थांबले तर नोकरी राहत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आता डोळे मिटावे लागत नाहीत. तो मान वर करून माझ्याकडे पाहतो आणि मी गठ्ठा खाली सोडायची दांडी ओढते. आज तर तो होता की नव्हता, ते पाहायचंच राहून गेलं. प्रमाणपत्र मिळालं. खऱ्या क्रेनवर आठवडाभर तरी कोणाजवळ बसवा म्हणून सरांना विनवलं. गरज नाही म्हणाले, हेडसेटवर शिकलेल्यांचे निकाल चांगले येऊन राहिलेत.

सोमवार, १० फेब्रुवारी

खरी केबिन. हादरे बसतात, तेलाचा वास येतो. बाकी सगळं तसंच.

तोही. त्याच जागी.

मी थांबले नाही. गठ्ठा टेकला आणि बाजूला उभ्या भूपेशने अंगठा दाखवला. म्हणजे खाली कोणी नव्हतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजही माणूस उभा होता. आज वाकला होता, एवढंच वेगळं. मग वर पाहून हात हलवायला लागला. मी नेहमीसारखी दांडी —

भूपेश होता.

गठ्ठ्याखालचा लाकडी ठोकळा सरळ करायला आत गेला होता. ओरडला म्हणतात. वर ऐकू येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चौकशी झाली. पट्ट्याच्या आत गेला ही त्याची चूक ठरली. मला तो दिसला होता, मी सांगितलं. दिसत असूनही मी — तुला धक्का बसलाय, चौकशीवाले म्हणाले.

त्याची आई फाटकाशी बसून होती. मी मागच्या दाराने गेले.

कॅमेरेवाले आलेत. शेड पुन्हा टिपणार. जमीन ओली आहे.

सोमवार, ३ मार्च

राजीनामा दिला. सरांनी परत केला. बाबाही फोनवर म्हणाले, नोकरी सोडू नको. क्रेनवरून काढलंय, शिडीकडे जायलाही मनाई. ट्रेनिंगच्या खोलीत नवीन मुलीजवळ बसायचं, शिकवायचं. तिचं नाव मयुरी.

आज तिने मधेच हेडसेट काढला. "ताई, खाली दोघं काहून उभे हायेत?"

सर मागेच होते. मी म्हटलं, दुर्लक्ष कर. थांबू नको.

मी म्हटलं. माझ्याच तोंडून —

बुधवार, १२ मार्च

मयुरी पास. शंभर.

सोमवार, १७ मार्च

आज तिची पहिली पाळी. खरं सांगायला धावत आले तर ती वर चढलीसुद्धा. केबिनमध्ये फोन नेत नाहीत. सरांना म्हटलं, तिला उतरवा. घरी जा म्हणाले. वही घरीच राहिली, हे फोनवर बोलून टिपतेय.

शिडीशी पहारेकरी आहे. जमिनीवर कोणी अडवत नाही. केबिनमधून समोर स्वच्छ दिसते ती एकच जागा, पट्ट्याच्या आत. तिथे उभी राहते. दोन्ही हात वर करते. मला पाहिलं की ती थांबेल.

ओळखेल ना. इतके दिवस शेजारी बसले. पण वरून चेहरा — मला तरी कुठे दिसला होता —

पाळीचा भोंगा झाला. गठ्ठा उचलला तिने. ओळखेल. मयुरी, मी आहे, मी खरी —