चिमटा माझ्या हाती

३ मार्च
फ्लॅटच्या बाल्कनीत बार्बेक्यूला बंदी! जिन्यातल्या फलकावर आज वाचलं. वुलनगाँगचं घर विकलं, अंगण गेलं, गवत कापायचं यंत्र गेलं. उरला एक चिमटा. आता त्यानं काय पाठ खाजवू?
आयुष्यात मला एवढंच एक येतं — मांस भाजणं. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या नाताळच्या भर उन्हात शेगडीपाशी मी, चिमटा माझ्या हाती. बायकोकडे, नोएलीनकडे, सॅलड. तिनं चिमट्याला कधी बोट लावलं नाही, मी लावू दिलं नाही.
आणि शनिवारी जुना दोस्त मर्व्ह जेवायला येतोय. मीच बोलावलंय, फुशारकी मारून.

४ मार्च
नोएलीन गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लेकीकडे आहे. बटाटे शोधताना सिंकखालच्या कपाटात बिडाचा तवा सापडला. उभ्या रेघांचा, जड, वापरून वापरून काळाकुळकुळीत. हा आपल्याकडे कधीपासून? जुन्या बाजारातून आणला असेल तिनं. असो — मांस गॅसवरही भाजतं. भाजणारा मी आहे ना!

५ मार्च
तव्यात सढळ हातानं तेल ओतलं. धूर — अलार्म — सगळी इमारत रस्त्यावर. एक बाई तर टॉवेलात. मी खाली आलो तो हातात चिमटा घेऊन, म्हणजे गुन्हेगार शोधायला नको.
मांसाचा अर्धा तुकडा तव्यालाच चिकटला. शेजारची डोरीन बघायला आली. “तेल तव्याला नाही रे बाबा, मांसाला चोळायचं. आणि सारखं उचकटू नकोस. भाजलं की आपणहून सुटतं.”
मला शिकवते. मला!

६ मार्च
डोरीनचं बरोबर आहे. कुणाला सांगणार नाही.

७ मार्च
सॉसेज झकास. चॉप्सवर आखून काढल्यासारख्या रेघा. मर्व्हनं घास घेतला आणि डोळेच मिटले.
“अगदी तुमच्या अंगणातली चव, लेस.”
“ती बार्बेक्यूची होती,” मी म्हणालो. “हा तवा आहे.”
“अरे, बार्बेक्यूवरून तुझं सगळं वरून कोळसा नि आतून कच्चं उतरायचं. नोएलीन ‘गरम ठेवते’ म्हणून ट्रे आत न्यायची ना? ती परत येईपर्यंत आम्ही कुणी खायचो नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुला नव्हतं?”
“होतं की,” मी म्हणालो.
मर्व्ह गेल्यावर तवा घासायला घेतला आणि तसाच बसून राहिलो. आत याच तव्यावर ती सगळं पुन्हा नीट भाजायची; वाहवा मी घ्यायचो, ती सॅलडचं भांडं पुढे करायची. फार लाज वाटली. तिची आठवणही फार आली.

१५ मार्च
नोएलीन घरी आली. तवा गॅसवर ठेवला, चिमटा तिच्या हातात दिला.
चिमट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?”
मी सॅलडची काकडी चिरत होतो.