एकोणचाळीस म्हणजे किती

अहो,

सप्रेम नमस्कार. रागावणे पुढे आहे.

आपली लेक आणि बाळ, दोघंही छान आहेत. बाळ सव्वातीन किलोचं, म्हणजे तुमच्या हिशेबात सात पौंडांहून थोडं जास्त. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही.

आता तुमचा ताप. मी इथून पाठवलेलं थर्मामीटर एकोणचाळीस दाखवतं, म्हणून काल फोनवर तुम्ही हसलात. "शंभराला अजून एकसष्ट कमी आहेत. ठणठणीत आहे मी." यंत्र बिघडलं असेल, असं मलाही वाटलं.

आज नर्सने बाळाचा ताप पाहिला. सदतीस. "नॉर्मल," म्हणाली. मी तिला पुन्हा विचारलं. इथे परदेशात सगळं सेल्सिअसमध्ये असतं. तुमचा एकोणचाळीस म्हणजे आपला एकशेदोनच्या वर.

तेव्हापासून फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. शेजारचेही गावाला गेलेत. फोन उशीखाली राहिला असेल, असं मी धरून चालले आहे. पाणी पिताय ना?

जावयांचा मित्र आज विमानाने तिकडे निघतोय. पत्र त्याच्या हाती देते. तो बेल वाजवेल आणि पत्र दाराखालून आत सरकवेल, तेव्हा उठून दार उघडा आणि त्याच्याबरोबर तसेच डॉक्टरांकडे जा.

नुसतं दार उघडा. मी रागावणार नाही.

तुमचीच