मधला स्पीकर

मंगळवार, १० सप्टेंबर

टीगनची निवड झाली! एकवीस तारखेला, शनिवारी, मोठ्या संघाकडून पहिला सामना. नातीने फोन केला तो आधी नॅनला, म्हणजे आजीला, मग मला. बरोबरच आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू हातातून सोडून लाथ मारायची असते, ती तिला माझ्या बायकोने, नोलीननेच शिकवली, शेजारच्या रेनाटोच्या पेअरच्या बागेत, झाडांच्या दोन ओळींमध्ये. मी फक्त चेंडू शोधून आणायचो.

फोन ठेवून नोलीन म्हणाली, "मला तो सामना ऐकायचाय."

गेल्या वर्षीच्या जूनपासून तिने काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. डोळ्यांतलं मधलं गेलं, कडेचं धूसर उरलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून ती पुढच्या दाराच्या पायऱ्या उतरलेली नाही. टीव्ही तिला नकोसा झालाय. म्हणते, एकाच भोकातून सगळं बाहेर येतं, मैदान कुठलं आणि बडबड कुठली ते कळत नाही.

मागितलंय, तर मिळालं पाहिजे. अकरा दिवस आहेत. वर्तमानपत्रात असताना इतके दिवस मला कुठल्याच बातमीसाठी मिळाले नव्हते.

बुधवार, ११ सप्टेंबर

मुलींचा हा सामना फक्त पैसे भरायच्या चॅनलवर. वर्गणी भरली. सेटटॉप बॉक्स टपालाने येईल.

मग शेड उघडली. ग्रांट पर्थला गेला तेव्हा आपला सराउंड साउंड इथेच टाकून गेला होता. तेव्हा मी त्याला अडगळ म्हणालो होतो. आज मुलाला मनोमन धन्यवाद. पाच छोटे स्पीकर, एक अँप्लिफायर आणि जमीन हादरवणारा तो मोठा वूफर. वूफरमध्ये उंदरांचा संसार होता. त्यांना दुसरीकडे हलवलं. नाराज दिसले.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

बॉक्स आला. टीव्हीला लगेच जोडला गेला, चित्र उत्तम. पण स्पीकर सगळे मुके. बॉक्समधून अँप्लिफायरकडे एक बारीक केबल जाते, तिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात धावतो म्हणे. दुपारभर कपाटाच्या मागे ओणवा होतो.

रेनाटो कुंपणावरून आला, खुर्ची ओढून बसला. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पेन्शन घेतोस, आता स्वतःची काढ, म्हणाला. मी पानभर आकृती काढली होती, बाण वगैरे. त्याने ती उलटी धरून वाचली. मग वाकून केबल उपसली आणि तिचं टोक माझ्या नाकासमोर धरलं.

"टोपी काढ, संपादका."

टोकावर प्लॅस्टिकचं टोपण होतं. मी टोपणासकट घुसवली होती!

स्वयंपाकघरातून नोलीन हसली. बऱ्याच महिन्यांनी. लिहून ठेवतो.

रविवार, १५ सप्टेंबर

आवाज येतो, पण पुढच्या दोनच स्पीकरमधून. बाकीचे गप्प.

बुधवार, १८ सप्टेंबर

अजून दोनच. नोलीन म्हणाली, राहू दे रे, मी रेडिओ ऐकेन. हा सामना रेडिओवर नाही. तिलाही ते माहीत आहे. 'राहू दे' हा शब्द मला आवडत नाही. डोळ्यांच्या तपासण्यांच्या वेळी तो घरात शिरला, तेव्हापासून मुक्काम ठोकून आहे.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चॅनलवाल्यांना फोन. पाऊण तास संगीत. मग लाइन तुटली.

शनिवार, २१ सप्टेंबर

सव्वाबाराला पुन्हा फोन लावला. एक वाजून वीस मिनिटांनी एक मुलगी आली. नाव आवर्जून विचारून घेतलं: मरियम. तिने मला बोट धरून मेनूतून नेलं. आवाजाच्या पानावर 'स्टिरिओ' निवडलेलं होतं, ते बदलून 'सराउंड' करायचं. एवढंच! कुणासाठी इतकी धडपड, तिने विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, मग मी फोन धरून ठेवते, आधी आवाज येऊ दे.

आला. मागच्या दोन्ही स्पीकरमधून माणसं बोलायला लागली, कुठेतरी पोर रडलं, वूफर गुरगुरला. मरियमचे आभार मानून फोन ठेवला. एक चाळीस. सामना दोन पाचला. एवढ्या वेळात मी पूर्वी पहिलं पान पाडून पुन्हा बांधलंय.

रेनाटो गरम मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, आणि सॉसची बाटली घेऊन आला. नोलीन बरोबर मधोमध बसली. सामना सुरू झाला आणि लक्षात आलं की समालोचक नाहीत. पडद्यावर त्यांचे ओठ हलले, आवाज शून्य. बाकी सगळं ऐकू येत होतं: शिट्टी, गर्दी, वारा. रेनाटोने कपाटामागे डोकं घातलं आणि निदान केलं. समालोचन मधल्या स्पीकरमधून येतं, आणि मधला मेलाय. दोन स्पीकरवर चालवलं तेव्हा मधल्याचं कामच नव्हतं, म्हणून आठवडाभर मला कळलं नाही.

 नोलीनला सांगितलं.

"मधला गेला? मग माझ्यासारखाच आहे," ती म्हणाली. "तू सांग मला."

मी सांगायला लागलो. जन्मभर सामना संपल्यावर लिहिलाय, चालू असताना कधीच नाही. निळं आकाश, हिरवंगार मैदान... तिने हात वर केला.

"वर्णन नको. बातमी सांग. कोण, कुठे, कुणाकडे."

पहिल्या सत्रात सांगत राहिलो. दुसऱ्यात मी निम्मंच बोललो, कारण ती आधीच मान वळवायची, डावीकडे, मागे, पुन्हा पुढे, आणि चेंडू तिथेच असायचा. बुटाचा आवाज तिला माझ्या वाक्याच्या आधी पोचायचा. तिसऱ्या सत्रात तिने मला गप्प केलं. रेनाटो म्हणाला, बायकोने मला असं गप्प केलं असतं तर मी माझे मीट-पाय उचलून घरी गेलो असतो. तिने त्यालाही गप्प केलं.

मग एक धप्प असा आवाज आला.

"ही टीगन," नोलीन म्हणाली.

सत्तावीस नंबर. टीगनच होती! चेंडू डावीकडे भरकटून रेषेबाहेर गेला.

"चेंडू फार उंचावरून सोडतेय गं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली. "घाबरली की उंचावरून सोडते. दहा वर्षांची होती तेव्हाही."

पुढच्या तीन लाथांपैकी दोन अशाच. दोन्ही तिने आवाजावरून ओळखल्या. संघ एकोणीस गुणांनी हरला. नोलीनने सॉससकट दीड मीट-पाय खाल्ला.

रविवार, २२ सप्टेंबर

टीगनचा फोन. रडवेली. पुढच्या सामन्यात ठेवतील की नाही, ठाऊक नाही. नोलीनने सगळं ऐकून घेतलं, मग चेंडूबद्दल सांगितलं.  पोरगी म्हणाली, "नॅन, तुला दिसलं कसं?"

सोमवार, २३ सप्टेंबर

रेनाटो मधल्या स्पीकरसाठी नवी वायर घेऊन आला. नोलीनने त्याला चहा दिला, लॅमिंग्टन केक दिला आणि वायर परत दिली. त्या समालोचकांना माझ्या घरात घ्यायचं नाही, म्हणाली.

शनिवार, २८ सप्टेंबर

संघ बाहेरगावी. टीगन राखीव बाकावर, शेवटची सहा मिनिटं मैदानात. लाथ एकच. नोलीन म्हणाली, अजून उंचच. इथून ओरडून काय उपयोग, म्हणाली.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

टीगन रविवारी खेळणार, यादी लागली. सामना मेलबर्नमध्ये, त्यांच्या घरच्या मैदानावर. रेनाटो रविवारी बहिणीकडे तिकडेच जातोय. सोबत नेशील का म्हणून नोलीनने त्याला विचारलं, मला न विचारता. त्याच्या गाडीत दोनच सीट आहेत.

तिने आपला चांगला कोट इस्त्री करून दारामागे टांगलाय. मी विषय काढला नाही. काढला तर म्हणेल, राहू दे.

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता ती पायऱ्या उतरली. रेनाटोच्या दंडाला धरून, पायऱ्या मोजत. चारच आहेत. गाडीतून हात केला, थोडा चुकीच्या दिशेला.

दुपारी एकटाच सामना लावला. मधला अजून मुका. दुसऱ्या सत्रात चेंडू सत्तावीस नंबरच्या हातात आला, प्रेक्षकांच्या कुंपणाच्या अगदी जवळ. तेवढ्यात मागच्या डाव्या स्पीकरमधून, गर्दीच्या वर, एक आवाज आला.

"खालून सोड, टीगन! खालून!"

मी खुर्चीवरून उठलो आणि मागे वळून पाहिलं.