तिसऱ्या कोंडीवरची रतन

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८००. ठाणे

ती पोर आजही आली! आमच्या घरामागच्या मिठागरात, बांधावर, तिसऱ्या कोंडीपाशी, म्हणजे मिठासाठी खाडीचं पाणी कोंडतात त्या खाचरापाशी. एवढ्या थंडीत नुसतं परकर-पोलकं, पायांत काही नाही, आणि कुडकुडतसुद्धा नाही! मी विचारलं, "कोणाची गं तू?" तर म्हणते, "तुमच्याकडेच निघाले होते. पोचायला उशीर झाला."

असं कोणी बोलतं का? नाव म्हणे रतन. वेणीत लाकडाचा भुसा अडकलेला. सुताराची म्हणावी, तर इथे जवळपास सुतार नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. मला संशय आला की काहीतरी असतंच. लाडवांचा डबा कोण रिकामा करतं, ते मीच पकडलं होतं. (दादा होता.)

मार्गशीर्ष वद्य ६

आईने आज पाहिलंच असतं! वही तांदळाच्या मडक्यामागे सरकवली. मुलीच्या जातीने लिहिलं तर म्हणे घरावर संकट येतं. मी नव्हते लिहीत तेव्हाही आलंच की. अक्षरं माझ्या थोरल्या भावाने, गोविंदादादाने शिकवली. ही वहीही त्याचीच — अर्धी कोरी ठेवून वैशाखात तापाने गेला. तेव्हापासून त्याचं नाव घरात कोणी काढत नाही. मी रडले नाही. आई म्हणते, पोर दगडाची आहे. असू दे.

मार्गशीर्ष वद्य ९

जादू! अगदी डोळ्यांदेखत! रतनने कोंडीतल्या पाण्याला बोट लावलं आणि वर पांढरी पापडी धरली. मी म्हटलं, मीठ. पण मीठ आत्ता कुठलं? ते उन्हं तापल्यावर. जिभेवर ठेवलं तर सणकून गार, आणि गायब! बर्फ!!

बर्फ मी जन्मात पाहिलेला नव्हता. दादाचा ताप डोक्यात गेला तेव्हा आमच्या वडिलांनी, नानांनी, मुंबईहून बर्फाची पेटी मागवली होती. आगगाडीने यायची. पण वैशाखातलं ऊन — वाटेतच सगळा वितळला. मला पेटीसुद्धा बघायला मिळाली नाही. त्याच दुपारी दादा गेला.

आज आम्ही बर्फाची भातुकली मांडली. ताट, वाट्या, इवलीशी पळी. रतनने बर्फाचा लाडू केला, तो माझ्या हातातून सटकून थेट खेकड्याच्या अंगावर! किती दिवसांनी हसले मी. मग मनात पाल चुकचुकली. हिला माझ्याशी एवढी दोस्ती कशाला हवी? आणि माझी धाकटी बहीण हेमा कुठे निजते, हे का विचारत होती?

मार्गशीर्ष अमावास्या

मिठागरात कामाला येणाऱ्या आवडाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "ती पोर आमच्या पाड्यातली नाय गो बाय. मीठ देऊन बघ तिला. भूत मिठाला तोंड लावत नाय."

खरंच आहे. भुताचा नैवेद्य अळणीच असतो.

भाकरीवर चांगलं जाड मीठ पसरलं आणि रतनपुढे धरली. ती दोन पावलं मागे सरली. "मला मीठ चालत नाही गं."

झालं! सापडली! मी कोंडीत धोंडा भिरकावला. "भूत कुठली! पुन्हा येऊ नकोस!" ती बांधावरून चालत निघून गेली. मला वाईट वाटलं, हे इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही.

पौष शुद्ध ४

हेमाला ताप आला. अवघी पाच वर्षांची पोर. अंग कसं रसरसलंय. त्या रतनचंच काम! मी हाकललं म्हणून डूख धरला.

पौष शुद्ध ६

वैद्यांचा काढा लागू पडत नाही. आई उशाशी बसलीय, दादाच्या उशाशी बसायची तशीच. देवा, हेमा नको.

पौष शुद्ध ७

सकाळी परसदारी रतन! "मला आत येऊ दे, कमळे. हेमाच्या कपाळावर हात ठेवते."

मी दारात आडवी झाले. भुताला काय आत घ्यायचं! पण आतून हेमा बरळत होती. शेवटी मूठभर मीठ आणलं. म्हटलं, "हे खा. आमच्या घरचं मीठ खाल्लंस तर आमची म्हणेन."

"खाल्लं तर मी राहायची नाही गं."

"निमित्तं नकोत!"

तिने माझ्या ओंजळीतलं मीठ खाल्लं. सगळं. हनुवटीवरून पाणी ठिबकायला लागलं. आणि हात — आधी गार होते, आता त्याहून गार, इतके की माझी बोटं चटकली!

आई भिंतीला टेकून पेंगली होती. रतनने दोन्ही तळवे हेमाच्या कपाळावर ठेवले. मी नजर हलवली नाही. हेमाला घेऊन गेली तर? हळूहळू हेमाचा श्वास संथ झाला. तेवढ्यात आवडाबाईंनी परसातून हाक मारली, मी वळले. परत बघते तर रतन नाही! चटई ओलीचिंब. हेमाला दरदरून घाम, ताप उतरलेला.

पळाली. मीठ सोसलं नाही. म्हटलं होतं ना मी!

पौष शुद्ध ८

हेमाने पेज मागितली! चटई झाडताना चिमूटभर ओला भुसा निघाला. नानांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. म्हणाले, "बर्फ असाच भुशात बांधून येतो. गोविंदासाठी आणलेल्या पेटीत एवढंच उरलं होतं, ओला भुसा आणि पाणी. घरापर्यंत आणवेना. तिसऱ्या कोंडीत ओतून दिलं."

नाना रडले. मग मीही रडले — दादासाठी, पहिल्यांदाच. आणि रतनसाठी. माझ्या हातचं मीठ खाल्लं तिने, मिठाने आपण वितळणार हे माहीत असून.

उशीर झाला होता. पण पोचलीस गं तू.